सारा उर्तादोची कारकीर्द: जोडीदार बदलल्याने नेमके काय साधले?

हिमरेषा (प्रश्न)

नमस्कार. स्पेनची आइस डान्सर (बर्फावर जोडीने नृत्य-स्केटिंग करणारी खेळाडू) सारा उर्तादो हिच्या कारकिर्दीचा आलेख मी सध्या पाहत आहे, आणि एका ठिकाणी माझा विचार अडतो. माद्रिदची ही खेळाडू आणि बार्सिलोनाचा आद्रिया दियाझ 2008 मध्ये एकत्र आले. ज्या देशात आइस डान्सची परंपरा जवळजवळ नव्हतीच, तिथून ही जोडी 2014 च्या सोची ऑलिंपिकपर्यंत पोहोचली आणि तिथे तेरावी आली. ऑलिंपिकमध्ये उतरलेली स्पेनची ही पहिलीच आइस डान्स जोडी होती. पुढच्याच वर्षी, 2015 मध्ये, स्टॉकहोमच्या युरोपियन अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी पाचवा क्रमांक मिळवला, आणि त्याच वर्षी ही जोडी फुटली.

त्यानंतर साराने रशियाच्या किरिल खाल्याविनबरोबर नव्याने सुरुवात केली आणि 2018 च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये बारावा क्रमांक मिळवला. म्हणजे चार वर्षांत, मधला पूर्ण हंगाम वाया घालवून, देश सोडून, प्रशिक्षक बदलून, हिशेब केवळ एका क्रमांकाने सुधारला. माझा प्रश्न असा की ही प्रगती मानायची, की युरोपात पाचव्या स्थानी असताना फुटलेल्या जोडीचे नुकसान कधी भरूनच आले नाही असे म्हणायचे?

तालवेडा (उत्तर)

आपला हिशेब मांडताना दोन स्पर्धांचे क्रमांक एकाच तराजूत तोलले गेले आहेत, ते आधी वेगळे करावेत असे मला वाटते. युरोपियन स्पर्धेत अमेरिका आणि कॅनडा नसतात, आणि आइस डान्समध्ये या दोन देशांचा वाटा किती मोठा आहे हे आपण जाणताच. त्यामुळे युरोपातील पाचवे स्थान आणि ऑलिंपिकमधील बारावे स्थान यांची थेट तुलना करण्यात अर्थ नाही. तुलना सोची आणि प्याँगचांग यांचीच होऊ शकते, आणि त्या तुलनेत नवी जोडी मागे पडलेली नाही.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. एकेरी स्केटरने प्रशिक्षक बदलला तर त्याच्या उड्या त्याच्याजवळच राहतात. आइस डान्समध्ये मात्र कौशल्याचा मोठा भाग दोघांच्या मधल्या अंतरात असतो. गुडघा किती वाकवायचा, पात्याच्या कोणत्या धारेवर किती क्षण थांबायचे, एका ढकलीत किती लांब जायचे, हे दोघांचे जुळले नाही तर बंद पकडीत, म्हणजे एकमेकांना जवळून धरून स्केटिंग करताना, पावले एकमेकांवर आदळतात. ट्विझल घ्या. एका पायावर वेगाने गिरक्या घेत दोघांनी शेजारी शेजारी पुढे सरकायचे असते. इथे दोघांपैकी एकाने गिरकी जरा लवकर संपवली, तर बाहेर पडताना अंतर उघडे पडते आणि पंचांना ते लगेच दिसते. ही जुळणी आधीच्या जोडीतून बांधून आणता येत नाही, ती पहिल्यापासून करावी लागते.

त्यात साराची प्रशिक्षणाची घडणही बदलली. दियाझबरोबर ती कॅनडातील मॉन्ट्रियलला मारी-फ्रान्स ड्युब्रुइल आणि पॅट्रिस लॉझों यांच्याकडे शिकत होती. हे केंद्र पुढे जगप्रसिद्ध झाले, पण ही स्पॅनिश जोडी तिथे 2011 पासूनच होती, म्हणजे पुढे ऑलिंपिक विजेते झालेली फ्रेंच जोडी पापादाकिस आणि सिझेरोन तिथे येण्याच्या आधीपासून. खाल्याविनबरोबर ती मॉस्कोला अलेक्झांडर झुलिन यांच्याकडे गेली. झुलिन हे माया उसोवाबरोबर 1993 चे विश्वविजेते आणि 1994 चे ऑलिंपिक रौप्यपदक विजेते. तिने शहर, भाषा आणि शैली एकाच वेळी बदलली. अशा बदलानंतर साधारण दीड हंगामात ऑलिंपिकसाठी तयार होणे ही माझ्या मते तिच्या कारकिर्दीतली सर्वांत कठीण गोष्ट आहे, आणि क्रमांकांच्या यादीत ती कुठेच दिसत नाही.

खाल्याविनचीही बाजू पाहावी. तो 2011 मध्ये क्सेनिया मोन्कोबरोबर रशियातर्फे कनिष्ठ जगज्जेता झाला, ती स्पर्धा दक्षिण कोरियातील गांगनुंगला झाली होती. सात वर्षांनी त्याच शहरात, प्याँगचांग ऑलिंपिकच्या स्केटिंगसाठी, तो स्पेनचा नागरिक म्हणून उतरला.

चौथीधार (उत्तर)

तालवेडा यांच्या तांत्रिक विवेचनाशी मी सहमत आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला अपुरा वाटतो. ही केवळ सारा आणि खाल्याविन यांची गोष्ट नाही. जोडी फुटल्यावर दियाझही थांबला नाही. तो मॉन्ट्रियललाच राहिला आणि इंग्लंडच्या ऑलिव्हिया स्मार्टबरोबर स्पेनसाठी खेळू लागला. म्हणजे जिथे पूर्वी एक जोडी होती तिथे दोन झाल्या, आणि दोन्ही जोड्यांतील एकेक खेळाडू बाहेरच्या देशातून आला होता.

इथे नियम समजून घेणे आवश्यक आहे. युरोपियन किंवा जागतिक स्पर्धेत दोघांपैकी एकाचे नागरिकत्व पुरते. ऑलिंपिकमध्ये मात्र दोघेही त्या देशाचे नागरिक असावे लागतात. शिवाय ऑलिंपिकमध्ये दोन जागा हव्या असतील तर देशाला आदल्या हंगामातील जागतिक स्पर्धेत वरचे स्थान मिळवावे लागते. 2018 साठी स्पेनकडे एकच जागा होती आणि तिच्यावर हक्क सांगणाऱ्या जोड्या दोन. दोन्हींच्या केंद्रस्थानी पूर्वीचे सहकारी होते. निवड उर्तादो आणि खाल्याविन यांची झाली, आणि दियाझ व स्मार्ट यांना घरी बसून पाहावे लागले.

माझा आक्षेप असा, की स्पेनच्या दृष्टीने पाहिले तर हा संघर्ष फायद्याचा ठरला, पण त्याची किंमत प्रत्येक वेळी कोणीतरी एकाने चुकवली. 2018 मध्ये ती दियाझने चुकवली. 2022 च्या बीजिंगला तो आणि स्मार्ट गेले, आठवे आले, आणि तोपर्यंत साराने 2021 मध्येच स्पर्धात्मक स्केटिंग सोडले होते. जागा दोन असत्या तर कदाचित दोघांच्याही कारकिर्दीचे मूल्यमापन आज वेगळे झाले असते.

हिमरेषा

दोघांचेही आभार. बीजिंगचा आठवा क्रमांक पाहता दियाझचा निर्णय अधिक योग्य ठरला, असा अर्थ यातून काढावा का? आणि नव्या जोडीने ऑलिंपिकव्यतिरिक्त काही ठोस मिळवले होते का?

तालवेडा

ठोस म्हणाल तर 2018 च्या मॉस्कोतील रोस्टेलेकॉम चषक स्पर्धेत त्यांनी ग्रां प्री, म्हणजे दर हंगामातील प्रमुख आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या मालिकेतले पदक जिंकले. आइस डान्समध्ये स्पेनला अशा पदकाची सवय नव्हती. हाविएर फर्नांडेझने 2015 आणि 2016 ची जागतिक विजेतेपदे आणि सलग सात युरोपियन विजेतेपदे मिळवून स्पॅनिश फिगर स्केटिंगची ओळख एकेरीत करून दिली होती, पण नृत्याचा भाग त्याच्या छायेतच राहिला होता. ते पदक मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते.

दियाझच्या निर्णयाबद्दल मी घाई करणार नाही. त्याने प्रशिक्षण केंद्र बदलले नाही, त्याच प्रशिक्षकांकडे तो राहिला आणि सातत्याचा फायदा त्याला मिळाला. 2021 च्या स्केट अमेरिका या ग्रां प्री स्पर्धेत त्याला आणि स्मार्टला कांस्यपदक मिळाले, आणि त्या हंगामातील त्यांचा झोरोवरचा फ्री डान्स (स्पर्धेतील मुक्त नृत्याचा भाग) प्रेक्षकांना फार आवडला. पण हे सारे ऑलिंपिकमधून वगळले गेल्यानंतरच्या चार वर्षांत घडले. साराला तशी चार वर्षे मिळाली असती का, हा प्रश्न मला अधिक रास्त वाटतो, कारण 2020 पासून साथीमुळे मॉस्को आणि माद्रिद यांच्या दरम्यानचे सगळे वेळापत्रक विस्कळीत झाले होते.

चौथीधार

एक पुरवणी. दियाझनेही 2022 नंतर थांबायचे ठरवले. स्मार्टने मात्र जर्मनीसाठी खेळलेल्या टिम डीकबरोबर स्पेनतर्फे पुन्हा सुरुवात केली. जोडीदार गेल्यावर नव्याने उभे राहण्याचा जो मार्ग साराने 2016 मध्ये धरला होता, त्यावर आता तिसरी जोडी चालली आहे. त्यामुळे आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर क्रमांकात एकाचीच भर पडली हे खरे आहे, पण त्या क्रमांकासाठी तिला सर्व काही पुन्हा जुळवावे लागले हेही तितकेच खरे, आणि मी दुसऱ्या गोष्टीला अधिक वजन देतो.