अर्ध्या वाटेवरून परत फिरलात? ते अनुभव इथे सांगा

फिरून आल्यावर आपण शिखरावरचे फोटो सगळ्यांना दाखवतो. ज्या दिवशी मध्येच मागे वळलो त्या दिवसाबद्दल मात्र सहसा कुणी बोलत नाही. घरच्यांनाही "पाऊस होता गं" एवढं सांगून विषय मिटतो. मला ते दिवस ऐकायचे आहेत. डोंगर असो, समुद्र असो, गावाजवळचा गड असो की सातासमुद्रापार. कुठून परतलात, का परतलात आणि तो निर्णय कुणी घेतला, हे जरूर लिहा. सुरुवात मी करते.

नोव्हेंबरात आम्ही नऊ जण नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर निघालो होतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्यातून निघून कोकणकड्याच्या कुशीतल्या घळीतून वर जाणारी ही वाट. वाट म्हणायची, पण पावसाळ्यात ते ओढ्याचं पात्रच असतं. खोलीएवढे धोंडे, मधूनमधून कातळटप्पे, आणि सगळं नीट जमलं तरी दिवस संपतो. मुक्काम गावातल्या मामांकडे होता, वाट दाखवायलाही तेच सोबत होते. पहाटे आकाशात चांदण्या होत्या. आठच्या सुमाराला कड्यावर ढग बसला. आमच्यावर एक थेंबही नव्हता.

धोंड्यांमधून करंगळीएवढी धार वाहत होती. मामा तिच्यापाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ बसूनच राहिले. मीही वाकून पाहिलं. मघाशी तळ दिसत होता ते पाणी चहासारखं झालं होतं आणि त्यावरून काड्या, कुजका पाला येत होता. "ताई, वर पडायला लागलाय. आता नळीत थांबायचं नाय," एवढं बोलून ते उतरायलाच लागले. आमच्यातला एक जण रात्रभर रेल्वेत बसून नागपूरहून आला होता. त्याने बराच वाद घातला. मी गटाची प्रमुख होते, 'परत' हा शब्द मलाच उच्चारावा लागला. नळीच्या तोंडाबाहेर येऊन झाडाखाली बसलो आणि तासाभरात आतून जो आवाज यायला लागला, तो ऐकल्यावर नागपूरकराने स्वतःहून मामांचे हात धरले.

*

सांगलीकर, सध्या फिनिक्स

धागा फार जवळचा वाटला. आई-बाबा पहिल्यांदा अमेरिकेत आले तेव्हा बाबांना ग्रँड कॅन्यनच्या तळाशी जाऊन कोलोराडो नदीत पाय बुडवायचे होते. वय ६७, पण रोज पाच किलोमीटर चालणारा माणूस. महिना जूनचा.

आपल्याकडचा डोंगर आधी चढायचा असतो, दमलो की उतरायचं. इथे सगळं उलटं. साउथ रिमवर, म्हणजे दरीच्या दक्षिण काठावर, साधारण २१०० मीटरवर तुम्ही गार वाऱ्यात उभे असता आणि ब्राइट एंजल वाटेवर पाय आपोआप खाली पळतात. जसजसं उतराल तसतसं ऊन वाढत जातं, नदीपाशी उन्हाळ्यात ४० अंशांच्या वर. आणि चढ शिल्लक असतो तो सगळा दमल्यानंतरचा, भर दुपारचा. उतरायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट चढायला धरा, असं रेंजर प्रत्येकाला सांगतात. रिमवरून नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत यायचा बेत करू नका, हेही जागोजागी लिहिलेलं आहे.

पहिल्या विश्रामस्थळी, दीड मैलावर, थांबलो. बाबांचा चेहरा हसरा होता. तिथे एक रेंजर बाई लोकांशी बोलत होत्या. त्यांनी बाबांना विचारलं, शेवटची लघवी कधी झाली? मी भाषांतर करताना संकोचलो. बाबा म्हणाले, सकाळी खोलीवर. बाईंनी बाबांच्या पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं. ती जवळजवळ भरलेलीच होती. घाम येताक्षणी वाळत होता, त्यामुळे घाम येतोय हेच त्यांना कळलं नव्हतं. बाईंनी बाबांना सावलीत बसवलं, हाताने खारे बिस्किट दिलं, शर्ट नळाखाली भिजवून अंगात घालायला लावला. अर्ध्या तासाने आम्ही वर निघालो. तो दीड मैल चढायला आम्हाला दोन तासांच्या वर लागले. शेवटच्या वळणावर बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. लहानपणी सोडून त्यांनी असा हात माझ्या खांद्यावर कधी ठेवला नव्हता.

*

निगडीहून

जपानचा फुजी पर्वत, २०२३. योशिदा वाटेने पाचव्या स्थानकावरून (वाटेवरच्या टप्प्यांना तिथे स्थानक म्हणतात), म्हणजे सुमारे २३०० मीटरवरून, दुपारी निघालो. शिखर ३७७६ मीटर. रात्री वरच्या झोपडीत तीन-चार तास आडवं व्हायचं आणि उगवत्या सूर्यासाठी अंधारात माथा गाठायचा, अशी तिथली रीत. पायथ्याशी लाकडी काठी मिळते आणि प्रत्येक झोपडीत थोडे पैसे दिले की तापलेल्या लोखंडाने तिच्यावर त्या टप्प्याचा शिक्का उमटवून देतात. लाकूड जळल्याचा तो वास अजून आठवतो.

आठव्या स्थानकाच्या वर वाऱ्याने उभं राहू देईना. बारीक लाव्हाचे खडे तोंडावर येत होते. झोपडीवाल्या आजोबांनी दोन्ही हातांची फुली करून दाखवली. जपानी भाषा येणारे, न येणारे, सगळे निमूटपणे वळले. कुणी आवाज चढवला नाही, हे मला फार भावलं. काठी घरी दाराशी उभी आहे. शिक्के आठव्यापर्यंत आहेत आणि वरचं लाकूड कोरं.

*

कोथरूड, पुणे

आमचा अनुभव एव्हरेस्ट बेस कॅम्पचा. नवरा आणि मी, दोघेही पंचेचाळिशीच्या पुढचे. सहा महिने दर रविवारी पाठीवर दहा किलो घेऊन सिंहगड केला. ऑक्टोबरात लुक्लाला उतरलो. नामचे बाजारला (३४४० मीटर) दोन रात्री, पुढे दिंगबोचेलाही दोन. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला हे थांबे लागतातच, ते आम्ही चुकवले नव्हते. आमचा शेर्पा वाटाड्या सारखा "बिस्तारै, बिस्तारै" म्हणायचा, म्हणजे सावकाश. तरीही लोबुचेला (सुमारे ४९४० मीटर) नवऱ्याचं डोकं ठणकायला लागलं. लसणाचं सूप दोन घोट घेतलं आणि उलटी झाली. रात्रभर तो "काही नाही गं, झोप तू" म्हणत राहिला.

सकाळी तो बाकावर बसून बूट घालत होता. मी थर्मास भरून आले तरी नाडी तशीच. दोन्ही टोकं हातात होती आणि तो त्यांच्याकडे बघत होता. चिडलेला नव्हता, घाबरलेला नव्हता. नाडी कशी बांधतात हेच त्याला आठवत नव्हतं. माझ्या पोटात गोळा आला. वाटाड्याने त्याला अंगणात नेलं आणि एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा चिकटवत सरळ रेषेत चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला तो तोल जाऊन कलला. वाटाडा लगेच म्हणाला, "दाइ, तल जाऔं." खाली जाऊ या.

उंचीचा त्रास डोकेदुखीपर्यंत असतो तोवर तिथेच थांबून पाहता येतं. तोल जायला लागला, माणूस गोंधळला, की मेंदूला सूज येत असल्याचं ते लक्षण असतं. मग एकच उपाय: खाली. गोळ्या आणि ऑक्सिजन हा तेवढ्यापुरता आधार. थुकला खिंडीत गिर्यारोहकांच्या स्मरणार्थ रचलेले दगडी चोर्तेन आहेत. चढताना तिथे आम्ही फोटो काढले होते. उतरताना मी नवऱ्याचा दंड धरून त्यांच्यामधून गेले आणि एकाकडेही बघितलं नाही. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, ऑक्सिजन लावला. संध्याकाळी त्याने स्वतःहून चहा मागितला तेव्हा मी बाहेर जाऊन रडले.

आमच्या गटातले बाकीचे बेस कॅम्पला, ५३६४ मीटरवर, पोचले. मला कुणी "तू तरी जायचं होतंस" म्हटलं की राग येतो. नामचेला परतल्यावर त्यानेही विचारलं, "तू का नाही गेलीस?" मी म्हटलं, "तुझी नाडी कोण बांधणार होतं?"

*

नाशिक

थोडक्यात लिहितो. ऑगस्टातला रविवार, हरिहर गड. त्या सरळसोट कातळकोरीव पायऱ्या सगळ्यांना फोटोतून माहीत आहेत. प्रत्येक पायरीला हाताची बोटं रुतवायला खोबण्या आहेत, चढणाऱ्याला त्या पुरतात. पण त्या दिवशी त्याच पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे एकमेकांना ओलांडत होते, खाली शेवाळ, वरून पाणी. माझ्यासोबत नऊ वर्षांची लेक. पायऱ्या न चढताच वळलो, पायथ्याच्या टपरीवर मका खाल्ला आणि घरी निघालो. जानेवारीत मंगळवारी गेलो तेव्हा पायऱ्यांवर आम्ही दोघंच होतो. लेकीने एकेक खोबणी मोजत गड चढला.

*

ॲडलेडहून

माझं परतणं वेगळ्या प्रकारचं आहे, धाग्यात बसत नसेल तर सांगा.

२०१८ मध्ये आम्ही उलुरूला गेलो. ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, सपाट लाल मातीत, ३४८ मीटर उंचीचा तो एकसंध खडक. तेव्हा त्यावर चढायला परवानगी होती. खडकात खांब ठोकून साखळी लावलेली होती आणि वर्षानुवर्षांच्या पावलांनी त्या बाजूला एक फिकट पट्टा पडला होता, दुरूनही दिसेल असा. नवऱ्याचे बूट, माझे हातमोजे, सगळी तयारी होती.

साखळी सुरू होते तिथे फलक होता. ही भूमी ज्यांची, त्या अनंगू लोकांची विनंती त्यावर होती: आमच्यासाठी ही जागा पवित्र आहे, कृपया चढू नका. मनाई नव्हती, निव्वळ विनंती होती. शेजारून लोक चढत होते. मी तिथेच उभी राहिले. आजोळी, रत्नागिरीकडे, देवराईत शिरताना आजी चपला बाहेर काढायला लावायची. पडलेलं सुकं लाकूडसुद्धा चुलीसाठी उचलायचं नाही. "का?" विचारलं की "ते देवाचं आहे" एवढंच उत्तर. तेवढं उत्तर आम्हाला पुरत होतं. मग इथे का पुरू नये? नवऱ्याला म्हटलं, मी नाही येत. त्याने दोन मिनिटं वर पाहिलं आणि बुटाच्या नाड्या सैल केल्या.

त्याऐवजी पायथ्याने पूर्ण प्रदक्षिणा घातली, सुमारे दहा किलोमीटर. खडकाच्या खोबणीत मुतिजुलूचं पाणी आहे, जवळच्या गुहेत जुनी चित्रं आहेत. काही भागांपाशी फोटो काढू नका असं लिहिलं होतं. आम्ही कॅमेरा पिशवीत टाकला, तो नंतर बाहेर काढायचं लक्षातच राहिलं नाही. पुढच्या वर्षी, २६ ऑक्टोबर २०१९ ला, चढाई कायमची बंद झाली. ही जमीन अनंगूंना परत मिळाली ती तारीखही २६ ऑक्टोबरच, १९८५ ची. बातमी वाचली तेव्हा मुलाने विचारलं, "आपण चढलो होतो का?" नाही म्हणताना मला बरं वाटलं.

*

कणकवली

मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग. पैसे भरले, मुलांच्या कमरेला जाकिटं बांधली, होडीत बसलोही. होडीवाल्या काकांनी पाण्यात हात घालून पाहिला आणि इंजिन बंद केलं. "पाणी ढवळलेला आसा, खाली काय दिसूचा नाय. पोरांका कशाक उतरवतास?" पैसे जसेच्या तसे परत. हंगामातला दिवस, त्यांचंही पोट त्यावरच. त्यांच्या घरी कोकमाचं सरबत पिऊन निघालो. आता दरवर्षी आधी त्यांनाच फोन करतो.

*

लोणावळा परिसर, बचाव पथकातला स्वयंसेवक

सगळं वाचलं. आम्हाला फोन येतात ते बहुतेक शनिवार-रविवारी दिवेलागणीला. बहुतेक वेळा गोष्ट एकच असते: दुपारचे चार वाजले होते, माथा "समोरच" दिसत होता, म्हणून पुढे गेले.

एकच सांगतो. पाय मुरगळलेला माणूस निसरड्या पाऊलवाटेने स्ट्रेचरवरून आणायचा म्हणजे काय, ते एकदा डोळ्यांसमोर आणा. एका वेळी सहा-आठ जण धरणार, दर काही मिनिटांनी खांदे बदलणार, उताराला मागून दोर. तासाभराच्या वाटेला आम्हाला अख्खी रात्र लागलेली आहे. सकाळी सगळ्यांना कामावर जायचं असतं. आम्ही येतोच, येत राहू. पण निघताना गावात सांगून जा की किती वाजता परत येणार. प्रत्येकाकडे स्वतःची बॅटरी हवी, मोबाइलची धरू नका. वाट चुकली तर रेंज मिळेल तिथून ठिकाण पाठवा आणि मग तिथून हलू नका. पाठवलेल्या जागी आम्ही पोचतो आणि मंडळी पुढे गेलेली असतात, यात फार वेळ जातो. धागाकर्त्या ताईंनी त्या मामांचं ऐकलं, त्याबद्दल त्यांना पथकातर्फे नमस्कार.

*

धागाकर्ती

ॲडलेडच्या ताई, धाग्यात बसतंच. दोघांनी विचारलंय की पुन्हा गेलात का. हो, फेब्रुवारीत, तेच मामा, नऊपैकी सात जण, नागपूरकरही. नळी कोरडी ठणठणीत होती. जिथून वळलो होतो तिथे मामा थांबले आणि काठीने वर दाखवलं. आमच्या डोक्यापेक्षा हातभर उंच, दोन धोंड्यांच्या फटीत एक अख्खा ओंडका आडवा अडकलेला होता. साल निघालेली, मुळं वरच्या बाजूला. नोव्हेंबरात तो तिथे नव्हता.