वृद्धांच्या देखभालीवर बोलायचंय, श्रोत्यांना मत विचारणाऱ्या स्लाइड कशा करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट आहे. पक्षाघात झालेल्या, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. १ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाला इथल्या एका संघाने तासभर बोलायला बोलावलंय. विषय आहे, घरातल्या माणसाचं वर्षानुवर्षं करावं लागतं तेव्हा काय काय लागतं. दीडशेच्या आसपास माणसं येतील. निम्मे सत्तरीपुढचे, बाकी त्यांचे मुलगे, सुना, लेकी. तासभर मी एकटीनंच बोलत राहू नये असं मनात आहे. अधूनमधून पडद्यावर एक प्रश्न यावा, लोकांनी मत द्यावं, आकडे तिथंच दिसावेत आणि त्यावरून पुढचं बोलणं व्हावं.

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीत बावीस जणांसमोर तालीम घेतली, आणि पहिल्याच प्रश्नावर अडकले.

प्रश्न होता, 'तुमच्या घरात आजारी वडीलधाऱ्यांचं कोण करतं?' पर्याय: मुलगा, सून, मुलगी, ब्यूरोची बाई, सगळे मिळून. हात वर करायला सांगितले. एका घरातली तिघं शेजारी शेजारी बसली होती. 'सगळे मिळून' म्हटल्यावर मुलाने हात वर केला, त्याच्या आईनेही केला. सुनेने दोघांकडे पाहिलं, अर्धवट उचललेला हात खाली घेतला आणि ओढणी सारखी केली. पडद्यावर 'सगळे मिळून' सगळ्यात पुढे. माझ्या रोजच्या फिरण्यात मला दिसतं ते याच्या अगदी उलट.

मग वाटलं, 'करणं', 'काळजी घेणं' हे शब्दच काढून टाकावेत. काळजी सगळेच घेतात. त्याऐवजी काम विचारावं: काल रात्री कूस बदलायला कोण उठलं? डायपर कोणी बदललं? इथं कुणी उगाच हात वर करणार नाही. पण ही स्लाइड तयार करताना माझा हात थांबला, कारण ज्यांचे डायपर बदलावे लागतात तेही समोरच बसलेले असणार.

आमच्या सासूबाई पक्षाघातानंतर तीन वर्षं अंथरुणावर होत्या. एकदा नणंदेशी फोनवर बोलताना मी म्हणाले, 'दिवसाला चार डायपर लागतात.' तक्रार म्हणून नाही, खर्चाचा विषय होता. सासूबाईंनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी पिणं कमी केलं. फुलपात्र ओठाला लावायच्या आणि तसंच परत द्यायच्या. माझ्या लक्षात यायला आठ दिवस गेले, तोवर लघवीचा संसर्ग होऊन ताप चढला होता. त्यामुळे करणाऱ्याचे कष्ट उजेडात यावेत हे जितकं वाटतं, तितकंच हेही वाटतं की माझ्या स्लाइडमुळे कुणी आजी घरी जाऊन पाणी कमी पिऊ नये.

सध्या एक प्रश्न सुचलाय: 'रात्री तुम्हाला किती वेळा उठावं लागतं किंवा कुणाला उठवावं लागतं?' पर्याय: एकदाही नाही, एकदोनदा, तीनचारदा, त्याहून जास्त. हा दोघांनाही लागू पडतो. पण दोन प्रश्न एकात कोंबल्यासारखे वाटतात का? वेगळे केले तर पुन्हा कोण कुणाला त्रास देतं यावरच गाडी येते.

दुसरी अडचण मत घेण्याची. मेंटीमीटर, म्हणजे मोबाइलवरून मत देता येतं ते संकेतस्थळ, वापरून पाहिलं. क्यूआर कोड स्कॅन करायची वेळ आली की आजोबांचा फोन नातवाच्या हातात जायचा आणि मतही नातूच द्यायचा. शिवाय फुकट खात्यात किती जण मत देऊ शकतात याला मर्यादा आहे. रंगीत कार्डं वर करायला लावली तर शेजारच्याला दिसतात, म्हणजे पुन्हा त्या सुनेची गत. म्हणून नाजूक प्रश्न आत येताना चिठ्ठीवर घ्यायचे, नाव न लिहिता पेटीत टाकायचे, चहा होईपर्यंत मोजून आकडे स्लाइडवर भरायचे असं ठरवतेय. दीडशे चिठ्ठ्या दोघांनी वीस मिनिटांत मोजून होतात का? कुणी केलंय असं?

कार्डं मग फक्त माहितीच्या प्रश्नांना. त्यातला एक मला फार महत्त्वाचा वाटतो: आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यात 'अपत्य' या शब्दात कोण येतं? मुलगा, मुलगी, नातू, नात एवढेच, तेही सज्ञान. सून त्या व्याख्येत नाही. बावीसपैकी सतरा जणांनी सुनेचं कार्ड वर केलं होतं. दुसरा प्रश्न आयुष्मान वय वंदना या सरकारी आरोग्यविम्याच्या कार्डाचा. ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून ते मिळतं, ५ लाखांपर्यंत रुग्णालयातला खर्च निघतो, पण घरी ठेवलेल्या चोवीस तासांच्या बाईचा पगार त्यातून निघत नाही. बहुतेकांना निघतो असं वाटतं. इतक्या जणांचं उत्तर पडद्यावर चूक ठरलं तर ते खट्टू होतील का? की आधी उत्तर सांगून मग 'हे माहीत होतं का' एवढंच विचारू?

अक्षरांचंही विचारून घेते. सभागृहातल्या संगणकावर माझा फॉन्ट नव्हता, जोडाक्षरं तुटून दिसली. म्हणून सगळं पीडीएफ करून नेणार आहे, पण चिठ्ठ्यांचे आकडे ऐनवेळी भरायचे तर पीडीएफ चालत नाही. मागच्या रांगेतल्या, मोतीबिंदू असलेल्या माणसाला वाचता यावं यासाठी एका स्लाइडवर किती शब्द ठेवता? लाल-हिरवे स्तंभ काढून टाकलेत, काळ्यावर पिवळं बरं दिसतंय.

बाकी जमेल तसं मी बघेन. मला खरी मदत हवी आहे ती रात्रीच्या प्रश्नाच्या शब्दांना. घरी कुणाचं केलेलं असेल, किंवा स्वतः अंथरुणावर दिवस काढले असतील, त्यांनी तो वाचून कुठे टोचतं ते सांगा. चिठ्ठ्या २५ सप्टेंबरला छापायला टाकायच्या आहेत.