मदत हवी आहे: प्रोफाइल पानांवरील दुव्यांमुळे संकेतस्थळ गूगलमधून गेले का?

दापोलीकर: दापोलीतील आमच्या होमस्टेचे संकेतस्थळ गूगलवर दिसेनासे झाले आहे. ज्यांना एसईओचे काम दिले होते, त्यांनी शेकडो मंचांवर आमच्या नावाने प्रोफाइल पाने उघडून त्यांत आमचा दुवा टाकला आहे. हे दुवे कसे काढायचे, एवढेच कृपया लवकर सांगा. सुट्ट्यांचा हंगाम तोंडावर आला आहे.

वाटसरू: नकाशात दिसत नाही, की त्याखालील निकालांत? सर्च कन्सोलमध्ये (संकेतस्थळाच्या मालकांसाठीच्या गूगलच्या साधनात) ‘मॅन्युअल अॅक्शन’ची, म्हणजे गूगलच्या माणसांनी तपासून केलेल्या कारवाईची, नोंद आहे का?

जुनाजाणता: चौकशीत वेळ दवडू नका. त्या सर्व मंचांच्या डोमेनांची (संकेतस्थळांच्या पत्त्यांची) यादी करून ती आजच डिसअव्हाउ साधनात, म्हणजे ठरावीक दुवे विचारात घेऊ नका असे गूगलला कळवण्याच्या साधनात, चढवा. २०१२ साली पेंग्विन हा खराब दुवे हेरणारा गूगलचा अल्गोरिदम आला तेव्हा माझ्या ग्राहकांची संकेतस्थळे अशीच कोसळली होती आणि त्याच वर्षी आलेल्या ह्या साधनाने ती सावरली.

वाटसरू: सप्टेंबर २०१६ मध्ये पेंग्विन गूगलच्या मुख्य प्रणालीत सामावला गेला आणि तेव्हापासून तो खराब दुव्यांपायी संपूर्ण संकेतस्थळाला खाली ढकलण्याऐवजी त्या दुव्यांनाच किंमत देत नाही. शिवाय अनेक मंच प्रोफाइलमधील दुव्यांना २००५ साली आलेली नोफॉलोची (‘या दुव्याला वजन देऊ नका’ असे शोधयंत्राला सांगणारी) खूण लावतात. अशा दुव्यांनी स्थान वर जात नाही, तसे संकेतस्थळ सहसा नाहीसेही होत नाही.

जुनाजाणता: नोफॉलो हा आता आदेश नसून केवळ संकेत मानला जाईल, असे गूगलने २०१९ मध्येच जाहीर केले, हे आपण सांगितले नाही.



दापोलीकर: नकाशात आम्ही आहोत. मॅन्युअल अॅक्शनमध्ये काहीही नाही. नव्या रचनेचे संकेतस्थळ चढवल्यापासून हे सुरू झाले.

वाटसरू: नव्या रचनेची ही माहिती सर्वांत आधी हवी होती. संकेतस्थळ वर्डप्रेसवर (संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीवर) असेल, तर सेटिंग्जच्या ‘रीडिंग’ विभागात शोधयंत्रांना परावृत्त करणाऱ्या चौकटीत खूण आहे का ते पाहा. काम चालू असताना ती करतात आणि पुष्कळदा काढायची राहून जाते. तसे असेल, तर सर्च कन्सोलच्या यूआरएल तपासणीत ‘नोइंडेक्स’ (हे पान शोधनिकालांत घेऊ नका) हा शेरा दिसेल.

दापोलीकर: शेरा तोच आहे. खूण काढून मुख्य पानाच्या इंडेक्सिंगची (गूगलच्या सूचीत घेण्याची) विनंती पाठवली आहे. मग प्रोफाइल पाने राहू द्यावीत का?

जुनाजाणता: मुळीच नाही, यादी चढवाच.

वाटसरू: मॅन्युअल अॅक्शन नसताना यादीची गरज नाही. ज्या पानांवर चुकीचा पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक आहे, तेवढी मात्र पाहुण्यांसाठी आधी दुरुस्त करून घ्या.