मदत हवी आहे : गाडी गरम असतानाच स्टार्टर फिरत नाही, दोष नेमका कुठे शोधावा?

नमस्कार.

माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी, हाताने गिअर बदलण्याची आणि चावी फिरवून सुरू होणारी जुनी गाडी आहे. ती अलीकडे अधूनमधून सुरूच होत नाही, आणि हे ‘अधूनमधून’च सगळ्या अडचणीचे मूळ आहे, कारण गॅरेजमध्ये नेली की ती पहिल्याच सेलला सुरू होते आणि तपासण्यासारखे काही उरत नाही.

लक्षणे शक्य तितक्या नेमकेपणाने सांगतो. सकाळी, इंजिन थंड असताना, गाडी कधीही त्रास देत नाही. अर्धा-पाऊण तास चालवून बंद केली आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा चावी फिरवली, की कधी कधी एकच बारीक ‘टक’ ऐकू येते आणि स्टार्टर फिरतच नाही. त्या वेळी डॅशबोर्डवरचे दिवे मंद होत नाहीत, हेडलाइट व्यवस्थित लागतात आणि हॉर्नही खणखणीत वाजतो. बॉनेटखालच्या फ्यूजच्या पेटीवर हात ठेवला तर स्टार्टरचा रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा विजेचा स्विच) ओढला गेल्याचे जाणवते. बॉनेट उघडून थोडा वेळ थांबले की गाडी काहीच घडले नसल्यासारखी सुरू होते. अशा अवस्थेत धक्का मारून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, तर इंजिन लगेच पकडते.

बॅटरी अलीकडेच बदललेली आहे. रात्रभर उभ्या गाडीत तिचा दाब १२.६ व्होल्ट असतो, थंड इंजिनावर सेल मारताना तो १०.४ पर्यंत उतरतो आणि इंजिन चालू असताना १४.२ दिसतो. स्कॅनरवर दोषाचा एकही कोड नाही. एका मेकॅनिकने स्टार्टर बदलण्यास सांगितले. दुसऱ्याने सर्व वायरी मल्टीमीटरच्या बीपवर (वायर अखंड असेल तर मीटर वाजतो) तपासून त्या उत्तम असल्याचा निर्वाळा दिला आणि इमोबिलायझरवर (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेवर) संशय घेतला. दोघांपैकी कोणीही दोष प्रत्यक्ष घडताना पाहिलेला नाही.

एकेक भाग बदलत जाण्याआधी दोष स्टार्टरच्या आत आहे की त्याच्याकडे येणाऱ्या वायरिंगमध्ये, हे खात्रीने ठरवायचे आहे. त्यासाठी कोणती मापे, कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या क्षणी घ्यावीत? साधा मल्टीमीटर माझ्याकडे आहे आणि तो वापरता येतो.

प्रतिसाद १

आपण दिलेल्या लक्षणांतूनच निम्मी गाडी संशयातून सुटते. धक्का मारल्यावर इंजिन लगेच पकडते, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही वेळेवर मिळत आहेत. फ्युएल पंप किंवा क्रँक सेन्सर बिघडला असता तर उलट घडले असते, म्हणजे स्टार्टर फिरला असता पण इंजिन पकडले नसते. इमोबिलायझर बहुतेक गाड्यांत पेट्रोल किंवा ठिणगी रोखतो; काही गाड्यांत तो स्टार्टरही रोखतो, परंतु तेव्हा रिले सहसा ओढलाच जात नाही. आपला रिले ओढला जातो. त्यामुळे क्लचच्या पायडलचा स्विचही बहुधा निर्दोष आहे, कारण तो सामान्यतः रिलेच्या कॉइलच्या वाटेवर असतो.

दिवे मंद होत नाहीत ही दुसरी मोठी खूण. स्टार्टर जॅम झाला असता किंवा बॅटरी कमजोर असती तर शेकडो अँपियर ओढले जाऊन दिवे मलूल झाले असते. म्हणजे मोठा प्रवाह सुरूच होत नाही.

आता स्टार्टरकडे पाहा. त्याच्यावर बॅटरीकडून थेट येणारी एक जाड केबल असते, आणि रिलेकडून सोलेनॉइडला (स्टार्टरवरच्या चुंबकी स्विचला) येणारी एक बारीक वायर असते. सोलेनॉइड आत ओढला गेला तरच त्याचे तांब्याचे काँटॅक्ट मिटतात आणि जाड केबलचा प्रवाह मोटरला मिळतो. म्हणून सगळा निकाल त्या बारीक वायरच्या टोकाशी लागतो, आणि तोही दोष घडत असताना, कोणीतरी चावी सेलच्या स्थितीत धरून ठेवलेली असताना.

दोष रस्त्यात कुठेही घडेल आणि तेव्हा गरम इंजिनाखाली हात घालणे शक्य होणार नाही, म्हणून पूर्वतयारी करावी लागेल. बॅटरीची ऋण केबल काढून, सोलेनॉइडच्या बारीक वायरच्या टोकाला एक लांब पातळ वायर जोडा, जोडाजवळच तिच्यात १ अँपियरचा फ्यूज घाला, आणि सायलेन्सरचे पाइप व पट्टे टाळून ती केबिनमध्ये आणा. तिच्यावर मल्टीमीटर लावून ठेवा. दोष घडला की चावी धरून आकडा वाचा.

आकडा १० व्होल्टच्या वर असेल आणि स्टार्टर तरीही गप्प असेल, तर दोष स्टार्टरच्या आत आहे : काँटॅक्ट जळालेले असतील किंवा कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे ब्रश) झिजलेले असतील. कार्बन झिजलेले असताना स्टार्टरच्या अंगावर हलके ठोकल्यावर तो कधी कधी फिरतो; तो उपाय नव्हे, केवळ खूण आहे. आकडा शून्याजवळ असेल तर वीज सोलेनॉइडपर्यंत पोहोचतच नाही. आणि आकडा मधलाच, म्हणजे ६-७-८ असा असेल, तर वाटेतला एखादा जोड व्होल्टेज खात आहे. माझा अंदाज या तिसऱ्या शक्यतेकडे झुकतो, परंतु अंदाजावर भाग बदलू नयेत.

टेस्ट लॅम्पवर मात्र विसंबू नका. सोलेनॉइडला ओढून घेण्याइतके बळ नसलेल्या व्होल्टेजवरही बल्ब लागतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की वीज येत आहे.

प्रतिसाद २

वरील पद्धतीत एक भर घालावी असे सुचवतो. मल्टीमीटरची काळी वायर बॉडीला न लावता, दुसरी लांब वायर घेऊन इंजिनाच्या धातूला जोडा. इंजिन आणि बॉडी किंवा बॅटरी यांच्यातली अर्थिंगची पट्टी सैल झाली किंवा गंजली, तरी दिवे आणि हॉर्न ठणठणीत चालतात, कारण त्यांचे अर्थिंग बॉडीला असते, इंजिनाला नव्हे. सेल मारताना इंजिनाचा धातू आणि बॅटरीचा ऋण खांब यांच्यात ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसू नये.

प्रतिसाद ३

स्टार्टरचे दोन टर्मिनल पेचकसाने जोडून पाहण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. तो मानू नये. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती जागेवरून झेप घेते, आणि पेचकस जाड टर्मिनलवरून घसरून इंजिनाच्या धातूला टेकला तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे दोन वायरी केबिनपर्यंत आणल्या आणि अखेर दोष मीटरसमोर घडला. चावी धरलेली असताना सोलेनॉइडच्या टोकाशी ६.५ व्होल्ट होते, तर त्याच वेळी बॅटरीवर १२.२. इंजिन आणि बॅटरीचा ऋण खांब यांच्यातला फरक ०.१ पेक्षाही कमी होता, त्यामुळे अर्थिंगचा प्रश्न निकाली निघाला. गाडी थंड होण्याआधीच रिलेच्या बाहेर पडणाऱ्या वायरवर मोजले, तिथे ११.८ होते. म्हणजे पाच व्होल्टच्या वर रिले आणि स्टार्टर यांच्यामधल्या वायरमध्येच हरवत आहेत.

त्या वायरचा माग काढला तेव्हा इंजिनाच्या मागच्या बाजूला, एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून (इंजिनातला तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांपासून) फार दूर नसलेल्या जागी, एक जोड सापडला. त्याचे प्लॅस्टिक तपकिरी पडले आहे आणि आतल्या पिनवर हिरवट थर आहे. मला पडलेले कोडे असे, की हीच वायर मेकॅनिकने मीटरच्या बीपवर तपासली होती आणि मीटर वाजला होता. शिवाय थंड असताना हाच जोड व्यवस्थित काम कसा करतो? आणि सोलेनॉइडजवळ एक जादा रिले बसवून त्याला बॅटरीच्या जाड केबलवरून वीज द्यावी, असा उपाय एका परिचितांनी सुचवला आहे. तो करावा का?

प्रतिसाद १

बीपचे उत्तर सोपे आहे. बीपसाठी मीटर अगदी क्षुल्लक प्रवाह सोडतो, आणि कित्येक ओहमचा रोध असला तरी तो वाजतोच. आपल्या जोडाचा रोध साधारण ०.१ ओहम धरला, तर साध्या मीटरला तो त्याच्या स्वतःच्या वायरींच्या रोधातून वेगळा ओळखता येत नाही. मात्र ओढला जाण्याच्या क्षणी सोलेनॉइडच्या दोन्ही कॉइल (एक आत ओढणारी, एक धरून ठेवणारी) मिळून काही दहा अँपियर घेतात. ४० अँपियर घेतले तर त्याच ०.१ ओहमवर ४ व्होल्ट खर्ची पडतात. प्रवाह वाहत नसेल तर व्होल्टेज पडत नाही, म्हणून अशा जोडाची परीक्षा भार असतानाच घ्यावी लागते. शेतावर जाणाऱ्या पाइपात कचरा अडकला असला तरी थेंब थेंब पाणी येते आणि पाइप मोकळा वाटतो; पंप लावल्यावर खरे कळते, तसेच हे आहे.

उष्णतेचे गणित असे आहे. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. इंजिन बंद केल्यावर वाऱ्याचा आणि पाण्याचा थंडावा थांबतो, आणि बॉनेटखालचे तापमान काही काळ उलट वाढत जाते. दहा-पंधरा मिनिटांनी दोष दिसतो तो त्यामुळेच. सोलेनॉइडची कॉइल ८० अंशांनी तापली तर तिचा रोध जवळपास एक तृतीयांशाने वाढतो, प्रवाह त्या मानाने घटतो आणि ओढ कमी पडते. जोड थंडीतही व्होल्टेज खातच असणार, फक्त तेव्हा उरलेली ओढ पुरते. गरम झाल्यावर जोडाच्या धातूची पकडही सैल होते, हे वेगळेच.

जादा रिलेने गाडी सुरू होईल यात शंका नाही, कारण मग त्या जोडातून रिलेच्या कॉइलपुरताच किरकोळ प्रवाह जाईल. तरीही मी तो बसवणार नाही. कुजलेला जोड जागेवरच राहील, आणखी कुजेल, आणि वायरिंगच्या मूळ नकाशात नसलेला एक भाग पुढच्या मेकॅनिकला चकवेल.

बॅटरीची ऋण केबल काढून जोडाच्या दोन्ही बाजूंची वायर चमकदार तांबे दिसेपर्यंत मागे कापावी. इन्सुलेशनच्या आत तारा काळ्या पडलेल्या असतील तर तेवढा तुकडा टाकून मूळ जाडीचीच वायर घालावी. पिळून टेप गुंडाळू नये, दाबून बसवलेले टर्मिनल वापरावे आणि वर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. नवा जोड मॅनिफोल्डपासून शक्य तितका दूर बांधावा. त्यानंतर केबिनमधल्या वायरी लगेच काढू नका. गाडी पूर्ण तापवून, नेहमी दोष दिसतो तेवढा वेळ थांबून सेल मारा आणि रिले ते सोलेनॉइड हा फरक मोजा; तो अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. तो आत असूनही, सोलेनॉइडच्या टोकाशी १० व्होल्टच्या वर मिळत असताना स्टार्टर पुन्हा कधी गप्प राहिला, तर मात्र तो उतरवून काँटॅक्ट आणि कार्बन पाहण्याची वेळ आली असे समजा.