शब्दचर्चा : जुनाट, रुळलेलं आणि चलतीचं नाव

प्रश्न (लातूर) : मुलासाठी जुनं पण आजही चालणारं नाव काढायचंय. अशा नावाला मराठीत नेमकं काय म्हणावं? ‘पारंपरिक’ म्हटलं की धोंडीबाही पारंपरिकच. ‘अभिजात’ म्हणावं तर २०२४ च्या ऑक्टोबरपासून तो शब्द भाषेच्या दर्जालाच चिकटलाय. आणि असं नाव ओळखायचं कसं?

अंबाजोगाई : ‘रुळलेलं’ म्हणा. चलतीचं नाव म्हणजे सध्या वर्गात चार-चार मुलांचं असलेलं. जुनाट म्हणजे ज्यामागचं कारणच गेलंय असं. दगडू, धोंडू, केरबा, उकंडा ही नावं आधीची लेकरं दगावली की नजर लागू नये म्हणून ठेवायचे. ते भय ओसरलं, नावंही गेली.

रुळलेल्या नावाची खूण हाकेत सापडते. ज्याचं तोंडातलं रूप पिढ्यांनी आधीच घासूनपुसून ठेवलंय, ते रुळलेलं : ज्ञानेश्वरचा ज्ञानोबा, नामदेवचा नामा, एकनाथचा नाथा, विठ्ठलचा इठू. उलट ‘रियांश’ला लाडाची हाक काय? शेवटी त्याला ‘पिंट्या’ म्हणतात आणि नाव कागदावर पडून राहतं.

परभणी : आपल्याकडं शोधायला लांब जायला नको. नामदेव नर्सीचे, गोरोबा तेरचे, एकनाथ पैठणचे, ज्ञानेश्वरांचं आपेगाव पैठणच्या शेजारी, समर्थ जांबचे. ‘समर्थ’ तर विशेषणाचं विशेषनाम होऊन आजही जोरात आहे. नाथांच्या घरातलीच नावं पाहा : पणजोबा भानुदास, आजोबा चक्रपाणी, वडील सूर्यनारायण, मुलगा हरिपंडित. यातलं भानुदास सहज चालतं, चक्रपाणी अडतं. अर्थात खोट नाही, पण चार अक्षरांत कुठंही तोडलं तरी हाक तयार होत नाही.

ज्योतिर्लिंगांचंही तसंच. परळीचं मूळ नाव वैद्यनाथ, बोलण्यात वैजनाथ. औंढ्याचा नागनाथ. दोन्ही नावं घरोघर. तिसरं वेरूळचं घृष्णेश्वर मात्र मुलाला ठेवलेलं क्वचितच आढळेल, कारण पहिलंच जोडाक्षर तोंडात अडकतं. लातूर-नांदेडकडच्या लिंगायत घरांत मन्मथ, बसवराज, शिवलिंग ही रुळलेली; तिथं पुढं ‘आप्पा’ लागतं, ‘राव’ नाही.

नांदेड : राजघराण्यांकडं पाहिलं तर गंमत दिसते. देवगिरीच्या यादवांत भिल्लम, सिंघण, कृष्ण, महादेव, रामचंद्र. शेवटची तीन आजही कुणाच्या ना कुणाच्या घरात आहेत, पहिली दोन इतिहासाच्या पुस्तकात. राष्ट्रकूटांचंही असंच : गोविंद राहिला, दंतिदुर्ग आणि अमोघवर्ष गेले. नाव टिकतं ते देवामुळं, राजामुळं नव्हे. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ हे पाळण्यावर अजून म्हणतात, म्हणून ती दोन नावं कानाला परकी होत नाहीत.

लातूर : अर्थ कुठं तपासायचा? मोबाइलवरच्या याद्यांत प्रत्येक नावाचा अर्थ ‘शांत’, ‘तेजस्वी’ नाहीतर ‘विष्णू’ असतो.

छत्रपती संभाजीनगर : त्या याद्यांवर जाऊ नका. ‘आरव’चा अर्थ त्यांत ‘शांत’ देतात. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, गलका. नाव वाईट नाही, लेकराला शोभतंही, पण अर्थ उलटा सांगितलाय. नावाची फोड करून बघायची आणि संस्कृत-मराठी कोशात दोन्ही तुकडे शोधायचे. अर्णव : समुद्र, बरोबर. पार्थ : पृथेचा (कुंतीचा) मुलगा, बरोबर. ‘रियांश’मधला ‘रिया’ मात्र अशा कोशात अर्थ देत नाही.

सगळ्यात जास्त घोळ हृषीकेशचा. हृषीक म्हणजे इंद्रिय, हृषीक + ईश = हृषीकेश, इंद्रियांचा स्वामी, म्हणजे विष्णू. ‘षी’ दीर्घच. ‘ऋषिकेश’ लिहिलं की फोड होते ऋषी + केश, ऋषीचे केस! आता ते रूप इतकं पसरलंय की चूक म्हणून कुणी हटकत नाही. पण ठेवायचं ते जाणून ठेवा, आणि एकच रूप जन्मदाखल्यापासून धरा.

ऱ्हस्व-दीर्घाचा साधा नियम : शब्द एकटा असेल तर शेवट दीर्घ (हरी, विष्णू, रवी), समासात पहिलं पद ऱ्हस्व (हरिदास, विष्णुदास, रविराज).

बीड : विभक्ती लावून बघा, हे कुणी सांगत नाही. विशेषनामाचं सामान्यरूप आता आपण बहुधा करत नाही. ‘यशला बोलाव’ म्हणजे मुलगा, ‘यशाला मर्यादा नाही’ म्हणजे गुण. ‘आनंदला’ आणि ‘आनंदाला’ यांतही तोच भेद. इथवर ठीक. पण ‘आर्य’ ठेवलं की अर्धे लोक ‘आर्याला’, ‘आर्याचा’ म्हणणार आणि ऐकणाऱ्याला मुलगी वाटणार, कारण ‘आर्या’ हे मुलींचं नाव.

धाराशिव : कागदाची बाजू. १ मे २०२४ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांचं नाव शासकीय दस्तऐवजांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमानं येतं. म्हणून चारही नावं एका दमात मोठ्यानं म्हणून बघा. ‘ज्ञानेश्वर अन्नपूर्णा व्यंकटेश’ इथंच धाप लागते, आडनाव बाकीच असतं. आईवडिलांची नावं लांब असतील तर राम, माधव, केशव असं दोन-तीन अक्षरांत बसवा.

इंग्रजी अक्षरं पहिल्याच दिवशी ठरवा. ‘ज्ञ’साठी मराठीत ‘डी-एन-वाय’, हिंदी वळणानं ‘जी-वाय’. हृषीकेशचा ‘ऋ’ मराठीत ‘रु’सारखा, म्हणून ‘यू’, हिंदीत ‘आय’. व्यंकटेश कुणी ‘वी-वाय’नं लिहितं, कुणी ‘वी-ई-एन’नं. दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं झालं की पुढं प्रत्येक अर्जाला दुरुस्ती.

नाव पक्कं नसेल तर घाईत काहीतरी लिहून देऊ नका. जन्माची नोंद २१ दिवसांत झाली पाहिजे, ती नावाविना होते. नाव १२ महिन्यांपर्यंत फुकट भरता येतं, त्यानंतर विलंब शुल्क देऊन १५ वर्षांपर्यंत. एकदा भरलेलं बदलणं मात्र जिकिरीचं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुढं हाच दाखला पुरावा म्हणून लागतो.

परभणी : आजोबांचं नाव नातवाला ठेवणार असाल तर हाकेचं नाव वेगळं आधीच ठरवा. सासऱ्याचं नाव सुना घेत नसत, म्हणून अशा मुलांना आबा, बापू, नाना म्हणायची चाल पडली. आजही आजीसमोर तेच नाव घेऊन लेकराला रागावणं कुणाला जमत नाही.

लातूर : मघा नक्षत्र, तिसरा चरण निघालाय. घरात माधव आणि मुकुंद यांवर वाद आहे.

अंबाजोगाई : अवकहडा चक्रात, म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणावरून नावाचं पहिलं अक्षर सांगणाऱ्या तक्त्यात, मघाचे चरण मा, मी, मू, मे. तिसरा म्हणजे ‘मू’. ऱ्हस्व-दीर्घ तिथं एकच धरतात, म्हणून मुकुंद बसतो. माधवाला पहिला चरण लागतो. चंद्र एका चरणात साधारण सहा तास असतो, तेव्हा जन्मवेळ चरणाच्या काठावर असेल तर दवाखान्यातल्या नोंदीची वेळ पुन्हा बघून घ्या. अक्षर जुळलं नाही तरी अडत नाही. नावरस (त्या अक्षरावरून ठेवलेलं) नाव विधीपुरतं आणि व्यवहारातलं वेगळं, हे आपल्याकडं सर्रास चालतं. हस्त नक्षत्राच्या ‘ण’ किंवा आर्द्राच्या ‘ङ’वाल्यांना तर दुसरा मार्गच नसतो.

मुकुंद म्हणजे मुक्ती देणारा, असा परंपरेचा अर्थ. मुकुंदराजांची समाधी इथंच. नाव दीड-दोन पिढ्या मागं पडल्यानं वर्गात दुसरा मुकुंद बहुधा नसेल.

बीड : एक बघितलंत का? गणेशचा गण्या, प्रकाशचा पक्या, तसा मुकुंदचा ‘मुक्या’. शाळेत पहिल्या आठवड्यात हे होणार.

अंबाजोगाई : होणार. त्यावर उपाय म्हणजे बारशापासून घरात ‘मुकुंदा’ अशी पूर्ण हाक. बाहेरची पोरं घरातली हाकच उचलतात. तरी मन घेत नसेल तर त्याच अक्षरावर मुरलीधर आहे, हाक ‘मुरली’. फक्त ते पाच अक्षरी, आईवडिलांच्या नावांशी जोडून एकदा म्हणून बघा.