सोसायटीच्या गच्चीवरून ड्रोन: परवानगी नक्की कोणाची? (मदत हवी आहे)

सांगलीत राहतो. ड्रोन २४९ ग्रॅमचा, म्हणजे सर्वांत हलक्या, 'नॅनो' गटातला. कॅमेरा आहे, वापर फक्त हौसेसाठी. ड्रोन नियम २०२१ वाचले. नॅनोला पायलट प्रमाणपत्र लागत नाही, हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवायची मुभा आहे. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर आमचा भाग हिरवाच दिसतो.

तरी अध्यक्षकाका म्हणतात, "आधी पोलिसांचं पत्र आणा." चौकीत विचारलं, तर म्हणाले सोसायटीचं पत्र आणा! शेजाऱ्यांच्या खिडक्यांची काळजी मला पटते, म्हणून मोकळ्या मैदानावरूनच उडवायचीही तयारी आहे.

जमावबंदीसारखा ड्रोनबंदीचा आदेश सध्या लागू आहे का, हे अधिकृतपणे कुठे पाहायचं? आणि तो नसेल, तर निव्वळ सभेच्या ठरावाने सोसायटी मला गच्चीवरून उडवायला मनाई करू शकते का?