विमानात पाटोडी अळणी लागते काय?

आचारी_प्रतापनगर:
राजेहो, एक शंका आहे. हिवाळी अधिवेशनात आमच्याकडं खासगी जेटच्या डब्यांची ऑर्डर येते. यंदा फाल्कन 8एक्स होतं, शेपटीकडं तीन इंजिनंवालं. पाटोडी रस्सा, वडाभात, संत्रा बर्फी. डबे चपटे मागितले होते, का तर त्यांचं ओव्हन टीचभर. विमान इथून न थांबता युरोपला गेलं म्हणे. दोन दिवसांनी विमानतळावर डबे चढवणाऱ्या हँडलिंगवाल्या पोराचा फोन, "काका, रश्शात मीठच नव्हतं म्हणतात." तीस वर्षांत असं कोणी बोललं नाही हो! उंचीवर चव मरते हे ऐकून आहे. हे जेट तर मोठ्या विमानांच्याही वरून जाते. मग मीठ किती वाढवू?

पाना_दहा_नंबर:
काका, विमान किती उंच गेलं ते जिभेला कळत नाही, केबिनमधला दाब कळतो. प्रवासी विमानात तो 6 ते 8 हजार फुटांवरच्या हवेइतका असतो. 8एक्स 41,000 फुटांवर असलं तरी आत 3,900 फूटच. म्हणजे जवळपास चिखलदरा! चिखलदऱ्यात तुमचा रस्सा अळणी लागतो का? बारीक नळकांड्याला जाड नळकांड्यापेक्षा जास्त दाब झेपतो, सायकलची ट्यूब कारच्या टायरपेक्षा कडक फुगवतो ना, तसंच. म्हणून लहान विमानाला ही चैन परवडते.
हवा मात्र कोरडी. बाहेर उणे 55 अंशांच्या आसपास, त्या हवेत ओल ती काय असणार? सात-आठ तासांत नाक सुकतं, वास मरतो, वासाबरोबर अर्धी चव गेली. तेव्हा दोष थोडा विमानाचा, पण फार नाही.

सुनीता_मानेवाडा:
दादा, पाटोडी रश्शात आधीच सोडून दिली होती का? बेसन सगळा रस्सा पिऊन घेतं. वेगळी द्यायची.

मिहानवाला:
आता तर फाल्कन 2000एलएक्सएस आपल्या नागपूर विमानतळाजवळच्या मिहानमध्येच बनणार, जून 2025 मध्ये जाहीर झालं. त्याला इंजिनं दोनच, पल्ला सुमारे 7,400 किलोमीटर. नागपूर-पॅरिस सरळ रेषेत 7,300. कागदावर पोचतं, पण हिवाळ्यात पश्चिमेकडं जाताना समोरून वारा असतो आणि राखीव इंधन ठेवावंच लागतं. मधे कुठंतरी उतरावं लागेल. 8एक्सचा पल्ला जवळपास 12 हजार, त्याला काळजी नाही.

पाना_दहा_नंबर:
मधे उतरलं तर काकांचा डबा तिथंच बदलतील, हा धोका वेगळाच!

आचारी_प्रतापनगर:
सुनीताताई, पाटोडी रश्शातच होती, तिथं चुकलंच. आज तोच रस्सा तसाच करून सहा तास ठेवला, गरम केला, अंगणात बसून खाल्ला. अळणी! माझ्या पोराला विचारलं तर म्हणतो, "बाबा, बीपीवाले लोक असतात म्हणून मीच मीठ कमी टाकलं होतं." विमानाची माफी मागतो.